मावशीचं नाव घेऊन माग

मने, मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, वर्षश्राद्धाला स्वयंपाकघरात हळूच म्हणालीस, "ताई, मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला कॅन्सरच्या संस्थेसाठी नाव दिलंय. धावेन गं मी, पण लोकांपुढे पैशासाठी हात कसा पसरू?" तेव्हा पानं वाढायची घाई होती. आता निवांत सांगते.

धावण्याचं फार सांगत नाही. २१ किलोमीटरसाठी चार महिने नेमाने सराव कर, रविवारची लांब धाव चुकवू नकोस, शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नकोस, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लाव. पेडर रोडचा चढ चालत चढलीस तरी काही बिघडत नाही.

मागण्याचं मात्र नीट ऐक. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा धावले. दोनशे जणांना एकच मेसेज धाडला, 'चांगल्या कामासाठी धावतेय, मदत करा.' आठवड्यात चौघांनी पैसे दिले. मग एका रात्री बसून आईबद्दल लिहिलं. केमोने तिचं तोंड सोलून निघालं होतं, मऊ भाताचा घासही झोंबायचा. तरी ती आमच्यासाठी खलबत्त्यात ठेचा कुटायची आणि मीठ बरोबर पडलंय का, ते मला चाखायला लावून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. एवढंच लिहिलं आणि एकेकाला नाव घालून पाठवलं. तिच्या शाळेतल्या शिपाईमामांनी १०१ रुपये पाठवले, खाली लिहिलं, 'बाईंसाठी.' माणसं आपल्या किलोमीटरना पैसे देत नाहीत गं, आपल्या माणसासाठी देतात. म्हणून मावशीचं नाव घेऊन माग, आणि आकडा लहान सांग. हाडाच्या कर्करोगात एक पाय गमावलेला कॅनडाचा टेरी फॉक्स १९८० साली कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, तेव्हा त्याने देशातल्या प्रत्येकाकडून संशोधनासाठी एकेक डॉलर मागितला होता.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस. ते थेट संस्थेकडे जाऊ देत, देणाऱ्याला करसवलतीची पावती मिळू दे. आणि संस्थेला स्पष्ट विचार, हा पैसा उपचारांना जातो की संशोधनाला? उपचारांना देणारे पुष्कळ भेटतात, कारण पेशंट समोर दिसतो. संशोधनाने उद्या ज्याचा जीव वाचेल तो आज कुणालाच दिसत नाही, म्हणून त्यासाठी मुद्दाम मागावं लागतं. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि १९३२ मध्ये त्यांच्या नावाने ट्रस्ट उभा राहिला तो रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी.

संशोधनाचा एवढा आग्रह का धरते, तेही सांगते. आपली आजी १९८६ साली ब्रेस्ट कॅन्सरने गेली, तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की काही घराण्यांत हा आजार आईबापांकडून उतरतो आणि त्याचं मूळ १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागलं, बीआरसीए-१. आज साध्या रक्ताच्या नमुन्यावरून त्यातला दोष कळतो. माझ्या आईला ब्रेस्टचा झाला, तुझ्या आईला ओव्हरीचा. दोघी सख्ख्या बहिणी, आणि हे दोन्ही कॅन्सर याच एका जनुकातल्या दोषाने होऊ शकतात.

माझी तपासणी झाली आहे, मने. दोष निघाला. आधी मावशी आजारी होती, मग ती गेली, म्हणून इतके दिवस तुला बोलले नाही, ते चुकलंच माझं. आता दर वर्षी माझा एमआरआय असतो, डॉक्टरांचं लक्ष असतं, आणि मी तुझ्यासारखीच पहाटे उठून धावते. तुझ्यात हा दोष असेलच असं नाही, पण नाही असं धरून बसू नकोस. आधी जेनेटिक कौन्सेलिंगची वेळ घे, तिथे सगळं समजावून सांगतात, मगच रक्त घेतात. सरावाला लागण्याआधी एवढं कर. मला वार कळव, मी रजा टाकून सोबत येते.