नदीचे विरजण

मुलांनो, या अंकात आधी एक सोपा प्रश्न. किचनरमध्ये आपण नळ सोडतो, ते पाणी येते कुठून? आम्ही वर्गात विचारले तेव्हा एकाने ठामपणे सांगितले, "बेसमेंटमधून!" तेही खोटे नाही. पण बेसमेंटच्या आधी?

आपल्या वॉटर्लू विभागाचे सुमारे तीन चतुर्थांश पाणी जमिनीखालच्या विहिरींचे असते. बाकीचे ग्रँड नदीचे. ते हिडन व्हॅलीत नदीतून उचलतात आणि मॅनहाइमच्या केंद्रात शुद्ध करतात. हे केंद्र १९९२ साली सुरू झाले.

आता दुसरा प्रश्न. आपण आंघोळ करतो, भांडी घासतो, फ्लश ओढतो, ते पाणी जाते कुठे? त्याच नदीत! (तोंडे वाकडी करू नका, आधी ते शुद्ध करतात.) वॉटर्लूचे शुद्ध केलेले सांडपाणी हिडन व्हॅलीच्या वरच्या अंगाला नदीला मिळते, किचनरचे खालच्या अंगाला, डूनजवळ. तिथून नदी केंब्रिज, पॅरिस करत ब्रँटफर्डला जाते. ब्रँटफर्ड शहर पिण्यासाठी ग्रँड नदीवरच अवलंबून आहे. त्याच्याही खाली, इथल्या मूळ रहिवाशांच्या सिक्स नेशन्समध्ये, ओशवेकनचे केंद्रही याच नदीचे पाणी घेते.

पालकांना ही साखळी ओळखीची वाटेल. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीच्या जलाशयात, आणि उजनीचे पाणी सोलापूरच्या नळाला. धरणाच्या खाली हीच भीमा पंढरपूरची चंद्रभागा होते. फरक एवढाच की पुण्याचे सगळे सांडपाणी अजूनही शुद्ध होऊन नदीत जात नाही. फरक लहान नाही, हे सोलापूरकरांना विचारा.

मग सांडपाणी शुद्ध करते कोण? यंत्रे? आम्ही इंजिनिअर मंडळी तसे सांगून भाव खातो, पण खरे काम करतात जिवाणू. उन्हाळ्यात नदीत पाय टाकला की दगड बुळबुळीत लागतो ना? तो बुळबुळीत थर म्हणजे शेवाळ आणि जिवाणू यांचे अख्खे गाव. पाण्यातली घाण हे त्यांचे जेवण. मात्र जेवताना बहुतेकांना आपल्यासारखाच प्राणवायू लागतो.

या गावात कामे वाटलेली असतात. लघवीपासून पाण्यात अमोनिया येतो, आणि तो माशांना विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. एकीने पोळ्या लाटाव्यात, दुसरीने भाजाव्यात, तसे.

पण ही मंडळी फार सावकाश वाढतात. आपल्या पोटातला ई. कोलाय हा जिवाणू चांगले खाणेपिणे मिळाले तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे दहा तासांत तीस वेळा दुप्पट. एकाचे किती झाले? कॅल्क्युलेटर घ्या: १०७ कोटींच्या वर! अमोनिया खाणाऱ्यांना मात्र एकदा दुप्पट व्हायलाच दिवसभर लागू शकतो. टाकीत त्यांची संख्या वाढायच्या आत पाण्याबरोबर ते वाहूनच जायचे.

यावर तोड निघाली १९१४ साली, इंग्लंडमधील मँचेस्टरला. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडली. पहिल्यांदा ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी तळाचा गाळ फेकला नाही, त्यावरच नवे सांडपाणी ओतले. असे पुन्हा पुन्हा केल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. आईने विरजण राखून ठेवावे तशीच ही युक्ती! आजही जगभर बहुतेक मोठ्या केंद्रांत गाळाचा काही भाग परत टाकीत सोडतात आणि खालून हवेचे बुडबुडे देतात. हिवाळ्यात इथे दही लागत नाही, म्हणून आपण पातेले ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतो. टाक्यांना ओव्हन कुठला? म्हणून थंडीत हे विरजण जास्त दिवस राखावे लागते.

हवा कमी पडली तर काय होते, ते आपल्या किचनरनेच पाहिले आहे. २०१२ पर्यंत इथल्या केंद्रात अमोनियाचे नायट्रेट होण्याइतकी हवा आणि वेळ मिळत नव्हता. अमोनिया नदीत जाई, तिथले जिवाणू तो खात, आणि त्यात माशांच्या वाट्याचा प्राणवायू संपे. शिवाय सांडपाण्यातून औषधांतली हार्मोन्स जात. खालच्या अंगाला रेनबो डार्टर नावाचा बोटाएवढा मासा आहे. त्याच्या नरांच्या शरीरात चक्क अंडी सापडू लागली! वॉटर्लू विद्यापीठाचे प्रा. मार्क सर्व्होस आणि त्यांचे सहकारी हे मासे वर्षानुवर्षे तपासत होते. २०१२ मध्ये केंद्रात हवा वाढवली, गाळ जास्त दिवस ठेवला. सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना बस्तान बसवायला सवड मिळाली. अमोनिया तर गेलाच, पण हार्मोन्सचाही बराचसा निकाल लागला. तीन वर्षांत बहुतेक नर मासे पूर्ववत दिसू लागले. एवढ्या लवकर फरक पडेल असे आम्हाला तरी वाटले नसते.

पिण्याच्या पाण्यात मात्र रोग पसरवणारे जिवाणू मुळीच नकोत. म्हणून मॅनहाइमला गाळणी, ओझोन, अतिनील किरण असे एकामागून एक पहारे आहेत. आणि पालकहो, उरलेली अँटिबायोटिक्स सिंकमध्ये ओतू नका, त्यांनी हे विरजणच बिघडू शकते. ओंटारिओतल्या फार्मसीत जुनी औषधे परत घेतात.

पुढच्या शनिवारचा अभ्यास: 'विरजण', 'गाळ' आणि 'सांडपाणी' हे शब्द वापरून तीन वाक्ये लिहा. आणि भारतात आजी-आजोबांना फोन करून विचारा: तुमच्या नळाला कुठल्या नदीचे पाणी येते, आणि तिच्या वरच्या अंगाला कोणते गाव आहे?