चेक इंजिनचा दिवा आणि दहावीनंतरची वाट

"पोरगं मोटार मेकॅनिक व्हायचं म्हणतंय," असं सांगताना पालकांचा आवाज हमखास खाली येतो. कोल्हापुरात तरी तो येऊ नये. उद्यमनगरातल्या लेथवर आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ज्या गावाचं नाव झालं, जिथं बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, तिथं हात काळे होण्याची लाज कसली?

शिवाय हे काम आता फक्त पान्याचं उरलेलं नाही. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटरनं चालणारं फ्यूएल इंजेक्शन आलं. इंजिनात काही बिनसलं की गाडीतला कॉम्प्युटर त्याचा कोड साठवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो. कारमध्ये स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की तो कोड दिसतो. त्याचं पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखा भाग, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संपर्क. इथवर कुणीही पोचतो. साधा स्कॅनर तर ऑनलाइनही मिळतो.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पी०१७१ घ्या. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त आहे. हे कॉम्प्युटरला ऑक्सिजन सेन्सरमुळं कळतं, म्हणून घाईचा मिस्त्री तो सेन्सरच बदलतो. बिल होतं, आठवड्यानं दिवा पुन्हा लागतो. बिचाऱ्या सेन्सरनं फक्त तक्रार पोचवलेली असते. दोष हवेच्या पाइपला गेलेल्या चिरेत असू शकतो किंवा कमकुवत झालेल्या पेट्रोल पंपात. जाणता मिस्त्री स्कॅनरवर फ्यूएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय त्याचा, आकडा बघतो. आयडलिंगला तो जास्त आणि रेस केल्यावर कमी होत असेल, तर कुठून तरी हवा शिरत असण्याचा संशय. लोड आल्यावर वाढत असेल, तर पंप आणि फिल्टरकडं नजर. मग प्रेशर गेज लावून खात्री, आणि पार्ट सगळ्यात शेवटी.

यू-कोडांची गंमत तर शाळेतल्या भौतिकशास्त्राची आहे. कॉम्प्युटरांना जोडणाऱ्या कॅन (CAN) नावाच्या जाळ्याच्या दोन तारांच्या टोकांना सहसा १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून मोजलं तर समांतर जोडणीच्या गणितानं ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एका टोकाशी संपर्क तुटलाय. तार उंदरानं कुरतडलेली असेल, नाहीतर पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडलेल्या असतील. आपल्याकडच्या पावसात हे नवल नाही.

म्हणून 'अभ्यासात रस नाही, गॅरेजला घाला' हा सल्ला मला चुकीचा वाटतो. वायरिंग डायग्राम इंग्रजीत असतात आणि ओहमचा नियम रोज लागतो. ज्या मुलाला बंद पडलेला मिक्सर उघडून 'का' विचारल्याशिवाय राहवत नाही, त्याचं हे क्षेत्र.

मेकॅनिक मोटर व्हेइकल हा आयटीआयचा ट्रेड दहावीनंतर दोन वर्षांचा आहे. विजेच्या गाड्यांसाठी वेगळा ट्रेडही निघालाय. कळंबा रस्त्यावरच्या शासकीय आयटीआयत जाऊन यंदा कोणते ट्रेड आहेत ते विचारा. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, म्हणजे पुढची दारं बंद होत नाहीत. अप्रेंटिसशिप मात्र टाळू नका, भले त्या काळात हातात येणारी रक्कम बघून नातेवाईक नाक मुरडोत.

आणि अर्ज भरण्याआधी मुलाला दोन-तीन शनिवार ओळखीच्या गॅरेजात बसवा. कोड दिसल्यावर मिस्त्री आधी पार्ट मागवतो की मल्टिमीटर काढतो, एवढं त्याला बघून यायला सांगा. शिकायला कुणाकडं राहायचं, ते तोच घरी येऊन सांगेल.