दुष्ट प्रतिश्याय व सायनसचा संसर्ग : दिवस, बाजू आणि साखर

हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना) परिसरात दिवाळीनंतर एकीकडे कापसाची वेचणी व मक्याची मळणी चालू असते, तर दुसरीकडे पहाटेचा गारठा वाढू लागतो. धूळ व थंडी एकत्र आली की नाक चोंदलेले, कपाळ ठणकणारे व डोके जड झालेले रुग्ण चिकित्सालयात वाढतात. "सायनस झाला आहे" हे निदान बहुधा रुग्ण स्वतःच करून येतो आणि पुष्कळदा औषधी दुकानावरून काही गोळ्या घेऊन झाल्यावरच आपल्याकडे येतो. वस्तुतः सायनस हा व्याधी नसून प्रत्येकाच्या चेहऱ्यातील पोकळी आहे. तिच्या संसर्गाचे निदान करताना आम्ही तीन प्रश्न विचारतो : दिवस किती झाले, त्रास एका बाजूस की दोन्ही बाजूंस, आणि रक्तातील साखर किती? या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत विषयाचा विचार करू.

रचना व संप्राप्ती

नाकाच्या प्रत्येक बाजूस गालात, कपाळात, नाक व डोळा यांच्यामध्ये आणि त्याहून खोल मागे अशा पोकळ्या असतात. त्या अरुंद छिद्रांनी नाकात उघडतात. गालातील पोकळीचे छिद्र तळाशी नसून वरच्या बाजूस असते. त्यामुळे तेथील स्राव केवळ उताराने बाहेर पडत नाही, आतील सूक्ष्म रोमांच्या गतीने तो वर ढकलावा लागतो. शोथामुळे छिद्र बंद झाले व रोमांची गती मंदावली की स्राव साचतो आणि साचलेल्या स्रावात जंतू वाढतात. आपल्या परिभाषेत हा स्रोतोरोध होय, म्हणून चिकित्सेचे पहिले लक्ष्य मार्ग मोकळा करणे हेच राहते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अध्याय २२ ते २४ नासारोगांना दिलेले आहेत. तेथे ३१ नासारोग व प्रतिश्यायाचे वातज, पित्तज, कफज, सन्निपातज व रक्तज असे ५ प्रकार सांगितले असून, उपेक्षा केल्यास प्रतिश्याय दुष्ट होतो असे स्पष्ट केले आहे. सायनसच्या संसर्गास एकच शास्त्रीय नाव चिकटवणे योग्य नव्हे. लक्षणांनुसार तो दुष्ट प्रतिश्याय, पूतिनस्य किंवा सूर्यावर्त यांच्याशी जुळतो. सूर्याबरोबर वाढणारी, दुपारी तीव्र होणारी व सायंकाळी उतरणारी कपाळदुखी विचारली तर कपाळाच्या पोकळीचा विकार ध्यानी येतो.

पहिला प्रश्न : दिवस किती झाले?

साधे पडसे विषाणूजन्य असते व बहुतांशी ७ ते १० दिवसांत ओसरते. प्रौढांच्या पडशांत जिवाणूंचा संसर्ग शंभरांत जेमतेम एखाद-दोघांनाच होतो. स्राव पिवळा वा हिरवा झाला एवढ्यावरून जिवाणू ठरत नाहीत; साध्या पडशातही काही दिवसांनी तो रंग येतो. जिवाणूजन्य संसर्गाची शंका पुढील तीन परिस्थितींत घ्यावी :

१) १० दिवस उलटूनही काहीच उतार नाही.
२) ५-६ दिवसांनी बरे वाटू लागले आणि पुन्हा ताप, डोकेदुखी व स्राव वाढला.
३) प्रारंभापासून सलग ३-४ दिवस १०२ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप, पूयस्राव व चेहरा दुखणे.

त्रास १२ आठवड्यांपेक्षा अधिक चालल्यास तो जीर्ण समजावा. अशा रुग्णास नासार्श, नाकाचा वाकडा पडदा किंवा अॅलर्जी आहे काय, हे नासातज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यावे. आशुकारी अवस्थेत प्रत्येकाचा क्ष-किरण काढण्याची आवश्यकता नसते.

दुसरा प्रश्न : एक बाजू की दोन्ही?

पडसे सहसा दोन्ही नाकपुड्यांत असते. एकाच बाजूने दुर्गंधी स्राव येत असेल तर प्रथम तोंड उघडून वरच्या दाढा पाहाव्यात. किडलेल्या दाढेच्या मुळापासून गालाच्या पोकळीत पू होतो. दाढेवर उपचार झाल्याविना कोणतेही नस्य त्यास बरे करीत नाही. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर चिंचोका, हरभरा, मणी किंवा खडू अडकल्याची शंका घ्यावी. तो चिमट्याने ओढण्याचा प्रयत्न घरी करू देऊ नये. वस्तू मागे सरकून श्वासमार्गात जाण्याचे भय असते. प्रौढात एकाच बाजूने वारंवार रक्तमिश्रित स्राव येत असल्यास अर्बुदाची शक्यता मनात ठेवून तज्ज्ञाकडे पाठवावे.

तिसरा प्रश्न : साखर किती?

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिसची साथ आली. देशात महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत रुग्णसंख्या फार मोठी होती. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली या आजाराची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले. अॅम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईकांची झालेली धावपळ आपणा सर्वांस स्मरते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेकी वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

साथ ओसरली, पण व्याधी गेलेला नाही. कोरोनापूर्वीही आपल्या देशात तो मधुमेही रुग्णांत आढळत होता. प्रारंभी तो अगदी सायनससारखा दिसतो, हाच त्यातील धोका. नाक चोंदते, एका बाजूचा गाल दुखतो, किंचित सूज येते. पुढे गाल बधिर होणे, पापणी खाली पडणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, वरचे दात हलणे, काळपट वा रक्तमिश्रित स्राव, टाळूवर काळा डाग ही लक्षणे दिसतात. काळा डाग हे उशिराचे चिन्ह आहे. त्याची वाट पाहणे म्हणजे रुग्णाचा डोळा वा प्राण पणास लावणे होय. म्हणून मधुमेही रुग्णाचा एका बाजूचा चेहरा दुखत किंवा बधिर होत असेल, तर त्याच दिवशी त्यास मोठ्या रुग्णालयात पाठवावे. आपल्या भागातून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली घाटी, हा मार्ग खुला आहे. येथे शस्त्रकर्म व अॅम्फोटेरिसिन यांस पर्याय नाही. ग्लुकोमीटर प्रत्येक चिकित्सालयात असावा. अनेकांना आपला मधुमेह प्रथम तेथेच कळतो.

मधुमेह नसतानाही डोळ्याभोवती सूज, दृष्टी मंद होणे, कपाळावर मऊ फुगवटा, मान ताठरणे, गुंगी किंवा असह्य डोकेदुखी ही लक्षणे दिसल्यास विलंब करू नये.

चिकित्सा

नव प्रतिश्यायात नस्य निषिद्ध आहे, ही गोष्ट व्यवहारात सर्वाधिक विसरली जाते. प्रथम लंघन, पाचन, उष्णोदक व मृदु स्वेदन यांनी आमावस्था ओलांडू द्यावी. स्राव घट्ट होऊन डोके, नाक व तोंड हलके वाटू लागले म्हणजे पक्वावस्था जाणावी. त्यानंतर अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य दोन-दोन थेंब द्यावे. षड्बिंदू तैल दोषबल पाहून योजावे.

वाफ प्रौढांनी मर्यादेत घ्यावी. उकळते पातेले मुलांजवळ ठेवू नये, भाजण्याचे अपघात होतात. जलनेतीसाठी पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. अर्धा लिटरला सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण सपाट चमचा मीठ घालावे. विहिरीचे वा नळाचे पाणी तसेच वापरू नये. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये न उकळलेल्या नळाच्या पाण्याने नेती केल्यामुळे मेंदूत अमीबा शिरून दोघे दगावले होते.

औषधयोजना करतानाही साखरेचे भान असावे. सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. हरिद्राखंडात साखर व चित्रकहरीतकीत गूळ असतो. मधुमेह्यास हे कल्प सरसकट देऊ नयेत. त्रिकटू, दशमूल क्वाथ यांसारखे कल्प पित्त व अग्नी पाहून निवडावेत. नारदीय लक्ष्मीविलास रसात धत्तूरबीज आहे. काचबिंदू किंवा मूत्रावरोध असलेल्यांत तो टाळावा.

औषधविक्रेत्यांस विनंती

रुग्ण बहुधा प्रथम आपल्याच दुकानाची पायरी चढतो, म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे. अनुसूची एच व एच-१ मधील प्रतिजैविके चिठ्ठीवाचून देऊ नयेत. एच-१ ची नोंद तीन वर्षे जपावी. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब ५ दिवसांपेक्षा अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते, हे सांगून मगच बाटली द्यावी. "सर्दीच्या गोळ्यांची पुडी" करून त्यात स्टेरॉइड घालण्याची प्रथा कोठे चालू असल्यास ती आजच थांबवावी. तीच पुडी मधुमेह्याची साखर चढवते व बुरशीस वाट करून देते. तिसऱ्यांदा तेच थेंब मागणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे वळविणे ही सर्वांत मोठी सेवा होय.

सारांश

दिवस मोजल्याने अनावश्यक औषधे टळतात, बाजू पाहिल्याने दाढ, दाणा व अर्बुद सुटत नाहीत, आणि साखर तपासल्याने एखाद्याचा डोळा वाचतो. पुढील पडसेकऱ्याची नाडी पाहताना हे तीन प्रश्न आपण अवश्य विचारावेत आणि उत्तरे केसपेपरवर लिहून ठेवावीत, ही नम्र विनंती.