पाणीपट्टी भरली, तरी देणं बाकीच



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२ ते १४

या श्लोकांत भगवंत एक कडक शब्द वापरतात: ‘स्तेन’, म्हणजे चोर. देवांनी दिलेलं भोगायचं आणि परत काहीच अर्पण करायचं नाही, असा माणूस चोरच, असं ते अर्जुनाला सांगतात. पुढे लगेच चक्र समजावतात. प्राणी अन्नापासून, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून होतो.

वाचताना मनात येतं, मी तर पाणीपट्टी वेळेवर भरतो, सोसायटीचा मेंटेनन्स भरतो. मग मी चोर कसा?

पण ते पैसे कशाचे असतात? पंप, पाइप, शुद्धीकरण आणि माणसांच्या पगाराचे. पावसाचं बिल कोणीच पाठवत नाही. ते देणं बाकीच राहतं.

आमच्या पुण्याचंच बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं. त्यातूनच पुण्याच्या नळांना पाणी येतं आणि त्यातूनच कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतांना जातं. शहरात माणशी रोज १३५ लिटर, असं सरकारी प्रमाण आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी ते ५५ लिटर आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘स्तेन’ हा शब्द टोचायला लागतो.

मी इंजिनिअर माणूस. आमच्याकडे आधी मोजतात, मग दुरुस्ती करतात. तेच घरात करू या.

१. गळका नळ: सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर रोज ४.३ लिटर, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरच्या वर. बहुतेक वेळा नुसता वायसर बदलून काम होतं.

२. फ्लशची टाकी: ही गळती दिसतही नाही, ऐकूही येत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. रंग कमोडमध्ये उतरला, तर टाकी गळतेय.

३. उघडा नळ: एक लिटरचं भांडं नळाखाली धरून सेकंद मोजा. सहा सेकंदांत भरलं तर मिनिटाला १० लिटर. दात घासताना दोन मिनिटं नळ चालू राहिला की २० लिटर गेले. त्या ५५ लिटरांतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त!

४. आरओचं वाया जाणारं पाणी: नळी बादलीत सोडा. लादी पुसायला, बाथरूम धुवायला ते चालतं. त्यात क्षार जास्त असतात, म्हणून कुंड्यांना रोज घालू नका.

आता कोणी म्हणेल, मी वाचवलेली बादली काय दौंडला पोचणार आहे? ती बादली तशीच उचलून कोणी नेत नाही, खरंय. पण घराघरांतली मागणी कमी झाली तर धरणात शिल्लक राहतं, आणि शिल्लक असेल तरच वाटता येतं. आपण आपल्या वाट्याचं कर्म करायचं.

एकनाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. काशीहून कावडीने आणलेली गंगा रामेश्वराला वाहायची होती. वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि नाथांनी ते पाणी त्याला पाजलं. एवढे कष्ट करून खांद्यावर वाहिलेलं पाणीसुद्धा त्यांनी ‘माझं’ मानलं नाही. आपल्याकडे तर ते नुसता नळ फिरवला की येतं.

आजचा संकल्प: आज रात्री घरातला प्रत्येक नळ आणि फ्लशची टाकी तपासायची. गळती सापडली तर या आठवड्यात दुरुस्त करायची.

प्रार्थना: हे पांडुरंगा, तू दिलेल्या पाण्यातला माझा घोट मी कृतज्ञतेने घेईन. दुसऱ्याचा घोट माझ्या हातून सांडू देऊ नकोस.