आतडं शिवलं, आता पाय हलू द्या

वयस्कर माणसाच्या आतड्याचं ऑपरेशन झालं की नातेवाईक एकच धोशा लावतात: पडून राहा. हेतू मायेचाच, पण परिणाम वाईट. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी 67 वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचं जवळजवळ किलोभर मांस झडलं. त्यांचं तर ऑपरेशनही झालेलं नव्हतं! पोटावर टाके असलेल्या, भूक मेलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला हा तोटा भरून काढायला महिने लागतात. कधी तो भरतच नाही. वर छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत गुठळ्या होतात. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी 1990च्या दशकात लवकर उठवणं, लवकर खाऊ घालणं आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी वापरणं यांची सांगड घातली, आणि म्हातारे रुग्णही लवकर घरी जाऊ लागले. म्हणून माझा आग्रह असा, की डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ऑपरेशनच्याच संध्याकाळी खुर्चीत बसवा आणि दुसऱ्या दिवशी आधार देऊन चालवा. त्यासाठी दुखणं आटोक्यात हवं. ‘गोळ्या कमी घ्याव्यात’ हा शहाणपणा इथे नको. वेदनेने आखडलेला माणूस धड खोकतही नाही.

‘पण वारा सरेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही ना? आतड्याचा शिवलेला जोड सुटला तर?’ भीती खोटी नाही, जोड सुटणं जिवावर बेतू शकतं. मात्र उपाशी ठेवल्याने आतडं कोरडं राहत नाही. लाळ, जठररस, पित्त मिळून रोज काही लिटर द्रव पोटात झिरपतच असतो. लवकर खाल्ल्याने जोड जास्त सुटतात, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. सलाईन लावलंय म्हणजे पोट भरलं, हा तर निव्वळ भ्रम. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर 25 ग्रॅम, प्रथिनं शून्य. तेव्हा सर्जनने परवानगी दिली की नुसत्या पेजेवर थांबू नका. दही, अंडं, मऊ वरण थोडंथोडं द्या. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर मात्र थांबा आणि लगेच कळवा.

आणखी एक आक्षेप: लवकर घरी पाठवतात ते खाट रिकामी करायला. कुठे तसं होतही असेल. म्हणून तारखेवर भांडू नका, निकष विचारा: खाणं पचतंय का, दुखणं गोळ्यांवर भागतंय का, संडासापर्यंत चालता येतंय का. हॉस्पिटलात असेपर्यंत चष्मा आणि कानाचं यंत्र पहिल्या दिवसापासून उशाशी असू द्या, नाहीतर रात्री भ्रम व्हायला वेळ लागत नाही. घरी गेल्यावर ताप, धडधड, वाढतं दुखणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका. म्हाताऱ्यांत जोड सुटल्याची पहिली खूण कधीकधी एवढीच असते.