वृद्ध रुग्णांचा वॉर्ड आणि शिकाऊ परिचारिका



परिचर्या शिकणाऱ्या अनेक विद्यार्थिनींना अतिदक्षता विभाग किंवा शस्त्रक्रियागृह हवेसे वाटते आणि वृद्धांनी भरलेल्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागले की चेहरा उतरतो, ही गोष्ट अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९६१ मध्ये नेथन कोगन यांनी वृद्धांविषयीची वृत्ती मोजण्यासाठी अनुकूल आणि प्रतिकूल विधानांची एक श्रेणी तयार केली व ती पुढे परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठीही वापरली गेली. १९६९ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी केवळ वयामुळे माणसाला कमी लेखण्याच्या प्रवृत्तीला, म्हणजे वयभेदाला, वंशभेदाच्या पंक्तीत बसवले. वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याचे वळण लागलेल्या मराठी मुलीला हा दोष आपल्या अंगी नाही असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु घरातला आदर नात्यापोटी असतो आणि वॉर्डातल्या वृद्धाशी नाते नसते. शिवाय वयभेद तुसडेपणातूनच प्रकटतो असे नाही. ‘आजी, शहाण्या बाळासारखा घास घ्या बरं’ असे लाडाने म्हणणारी विद्यार्थिनी एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेला बालवाडीत बसवत असते, आणि दुखणे कुठे आहे हे रुग्णाला न विचारता उशाशी उभ्या असलेल्या मुलाला विचारणारीही तेच करत असते.

या नावडीचे मूळ दयामाया नसण्यात क्वचितच असते. वृद्धांची शुश्रूषा म्हणजे उचलणे, पुसणे आणि भरवणे, त्यात डोके चालवावे लागत नाही, या समजुतीत ते असते. ही समजूत किती महागात पडते याचा दाखला १९३५ मधला आहे. लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या निराधारगृहाच्या रुग्णालयातील ७१४ रुग्णांची जबाबदारी आली, तेव्हा त्यांतील कित्येकजण केवळ कोणी नीट तपासले नाही म्हणून वर्षानुवर्षे खाटेला खिळलेले आढळले. वॉरेन यांनी प्रत्येकाची तपासणी करून वर्गवारी केली, त्यांना उठते-चालते करण्याची व्यवस्था लावली, आणि बरेचजण बाहेर पडू शकले. वॉरेन डॉक्टर होत्या, डोरीन नॉर्टन तर स्वतः परिचारिकाच. त्यांनी सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ मध्ये बेडसोरचा, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा, धोका आधीच ओळखण्याची पाच निकषांची गुणपद्धती मांडली. कूस बदलण्यासारखे ‘हलके’ समजले जाणारे काम या गुणपद्धतीमुळे शास्त्राच्या कक्षेत आले.

वृद्धांच्या शुश्रूषेचे काम अंगमेहनतीचे आहे, आणि माणसे कमी असलेल्या पाळीत ते कंबर मोडणारे ठरते. विद्यार्थिनीची ती तक्रार खोटी मानू नये. मात्र थकवा आणि तुच्छता यांची गल्लत होऊ देऊ नये. काल संध्याकाळपर्यंत नातवंडांची नावे सांगणारा रुग्ण पहाटे सलाइनची नळी ओढू लागला आणि भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणू लागला, तर ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. वस्तुतः महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारा स्मृतिभ्रंश वेगळा आणि काही तासांत उद्भवून दिवसभरात कमीजास्त होणारी संभ्रमावस्था, जिला वैद्यकात डेलिरियम म्हणतात, ती वेगळी. दुसरीमागे तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता, नवे सुरू केलेले झोपेचे औषध किंवा संसर्ग असू शकतो, आणि म्हातारपणी संसर्ग असूनही ताप न चढणे ही नवलाची गोष्ट नाही. राउंडला आलेला डॉक्टर खाटेपाशी काही मिनिटेच थांबतो. कालचे बोलणे आणि आजची बडबड यांतला फरक अंग पुसणाऱ्या, घास भरवणाऱ्या विद्यार्थिनीच्याच लक्षात येण्याचा संभव अधिक, आणि तो तिने ताबडतोब इनचार्ज सिस्टरच्या कानावर घालावा.

तेव्हा पहिल्या दिवशी कोणत्या नावाने हाक मारावी हे रुग्णालाच विचारावे, बोलताना ओरडण्याऐवजी समोर बसून ओठ दिसतील असे बोलावे, आणि उत्तराला वेळ लागला तरी वाक्य आपण पुरे करू नये. ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’ असा शेरा रात्रपाळीच्या नोंदीत लिहिण्याआधी कवळी तोंडात आहे की डबीत, चष्मा आणि श्रवणयंत्र कपाटात तर राहिले नाही, शेवटची लघवी किती वाजता झाली, हे पाहावे आणि जे आढळेल ते वेळेसह लिहावे.