नित्य स्मरण आणि संसारातील चिंता

संसारात राहून धर्म आचरणाऱ्या उपदेशी मंडळींची एक तक्रार नेहमी कानी येते. "स्मरणास बसतो, पण मन बसत नाही. पाऊस लांबलेला असतो, सोसायटीचे कर्ज फेडायचे असते, मुलीचे लग्न जमत नसते, घरात कोणी आजारी असते. गाठी हातात फिरत राहते आणि चित्त मात्र त्या चिंतेभोवती फिरत राहते. असे स्मरण कोणत्या कामाचे?" ही तक्रार खोटी नाही. एकांतवासी भिक्षुकासही विकारविकल्पांशी झगडावे लागते. मग प्रपंचाचा भार वाहणाऱ्या वासनिकास किती लागत असेल! यास्तव नित्य स्मरणाचा नेम कसा लावावा आणि चिंतेच्या वेळी तो कसा उपयोगी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

स्मरण म्हणजे काय?

मन रिकामे करणे म्हणजे ध्यान, अशी समजूत अलीकडे फार पसरली आहे. आपल्या मार्गातील स्मरण तसे नाही. मन रिकामे राहत नाही. एक विषय काढला की दुसरा आत शिरतो. म्हणून मनास विषय काढून घेण्याऐवजी योग्य विषय द्यावा, ही आपली रीत आहे. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा हे तो विषय होत. मुखाने परमेश्वर अवताराचे नाम घ्यावे, त्या अवताराने केलेली एखादी लीळा आठवावी, ती लीळा करणारी श्रीमूर्ती डोळ्यांपुढे आणावी, आणि त्या मूर्तीचे बसणे, उठणे, पाहणे, बोलणे अशी एकेक चेष्टा न्याहाळावी. केवळ नाम घेताना मन निसटते, याचे कारण नामास लीळेचा आधार दिलेला नसतो. आधार मिळाला की मनास धरावयास काही सापडते.

या रीतीचे महत्त्व आपल्या पूर्वजांच्या चरित्रावरून कळते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले आणि पुढे श्रीगोविंदप्रभूंचेही सन्निधान अंतरले. मार्गावर असन्निधानाचे दुःख कोसळले. त्या काळी ऋद्धिपुरी श्रीनागदेवाचार्य नित्य लीळांचे स्मरण करीत असत. आपण काय करता, असे म्हाइंभटांनी विचारले असता स्वामींच्या लीळा आठवीत आहे, असे त्यांनी सांगितले. त्यातूनच म्हाइंभटांना त्या लीळा लिहून ठेवण्याची प्रेरणा झाली. ज्यांनी ज्यांनी सन्निधान अनुभवले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी लीळा संग्रहित केल्या. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो ते लीळाचरित्र अशा प्रकारे एका शोकग्रस्त पुरुषाच्या नित्य स्मरणातून निर्माण झाले, ही गोष्ट उपदेशी जनांनी विसरू नये. आचार्यांचे दुःख लहान नव्हते. परंतु त्यांनी दुःखाचेच चिंतन केले नाही. ज्यांच्या वियोगाचे दुःख होते त्यांचे चिंतन केले.

एका लीळेचा विचार

चिंतेने ग्रासलेल्या साधकाने आरंभी कोणती लीळा घ्यावी? आमच्या मते सशाच्या रक्षणाची लीळा घ्यावी. ती सर्वांस ठाऊक आहे. स्वामी वृक्षाखाली आसनस्थ आहेत. पारध्यांनी कुत्री सोडलेली आहेत आणि जिवाच्या आकांताने पळणारा ससा येऊन स्वामींच्या जानूखाली शिरतो. पारधी येऊन ससा मागतात. हा शरण आला आहे, असे सांगून स्वामी त्यास देत नाहीत. रानात राहून गवत खाणाऱ्या निरपराध जीवास का मारता, असे त्यांनाच समजावतात. पुढे पारधी निवर्ततात आणि स्वामी सशास मोकळे करतात.

या लीळेत तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली ही की, सशाने कुत्र्यांशी वाद घातला नाही. चिंतेने पिडलेला मनुष्य रात्रभर चिंतेशी वाद घालतो. असे झाले तर काय, तसे झाले तर काय, अशी उत्तरे-प्रत्युत्तरे करीत पहाट होते आणि चिंता होती तेथेच असते. ससा वाद सोडून आश्रयाकडे धावला.

दुसरी ही की, जानूखाली शिरल्यावरही कुत्री लगेच नाहीशी झाली नाहीत, पारधीही समोर उभे होते. भयाचे कारण होते तसेच होते. बदलले होते ते सशाचे स्थान. स्मरणाने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही. परंतु कर्जाची चिंता करणारा जीव क्षणभर वेगळ्या ठिकाणी जाऊन बसतो.

तिसरी ही की, स्वामींनी ससा कायमचा जवळ ठेवून घेतला नाही. त्यास पुन्हा त्याच रानात जाऊ दिले. वासनिकासही स्मरणावरून उठून शेतात, कचेरीत, स्वयंपाकघरात जावयाचे असते. स्मरण हे कर्तव्यातून पळ काढण्याचे स्थान नव्हे. जो कर्जाचा हिशेब करण्याचे टाळतो आणि त्यास स्मरण म्हणतो, त्याने लीळेचा शेवट वाचलेला नाही.

मात्र सशास स्वामी समोर दिसत होते आणि आपण असन्निधानी आहोत. आपणास तेथवर जाण्याची वाट स्मरणाचीच आहे. रोज न चाललेली वाट संकटाच्या रात्री अंधारात सापडत नाही. नित्य नेमाचे प्रयोजन येथे आहे. सुखाच्या, साध्या, काही विशेष न घडलेल्या दिवशीही स्मरण करावयाचे ते एवढ्यासाठी की, वाईट दिवशी पावले आपोआप तिकडे वळावीत.

नेम कसा लावावा?

नेम लहान असावा. उत्साहाच्या भरात दोन घटका बसण्याचा संकल्प करणारे पुष्कळ असतात आणि महिन्याभरात तो सोडणारेही तेवढेच असतात. प्रथम अर्धी घटका, म्हणजे बारा मिनिटे, पुरे. वेळ एकच ठेवावी. पहाटेची उत्तम, ज्यांस पाळीने कामावर जावे लागते त्यांनी स्नानानंतरची किंवा निजण्यापूर्वीची धरावी, पण रोज बदलू नये. जागाही एकच असावी. बसल्यावर पंचावतारांस दंडवत करून नामस्मरणास आरंभ करावा. मग एकच लीळा घ्यावी आणि ती निदान आठ दिवस बदलू नये. रोज नवी लीळा घेणारे मन वाचनात रमते, स्मरणात स्थिरावत नाही. ज्यांस लीळा नीट आठवत नाही त्यांनी बसण्यापूर्वी ती एकदा ग्रंथात पाहून घ्यावी.

एखाद्या दिवशी नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याच्या भरीस पडू नये. खंत करावी, परंतु तिचेच नवे ओझे करू नये. ठरल्या वेळी ठरल्याएवढेच करावे.

शंका-समाधान

शंका : स्मरणात पुन्हा पुन्हा चिंताच आठवते, तर ते स्मरण व्यर्थ नव्हे काय?

समाधान : नव्हे. खुंट्यास बांधलेले वासरू चहूकडे ओढ घेते. दावे ताणले की परत येते. ओढ घेतली म्हणून दावे व्यर्थ झाले असे कोणी म्हणत नाही. मन गेले हे ध्यानात आले, की न चिडता त्यास लीळेच्या त्याच प्रसंगाशी आणावे. दहा वेळा गेले तर दहा वेळा आणावे. हे परत आणणे हाच अभ्यास आहे.

शंका : वर्षभर स्मरण करूनही अडचण दूर झाली नाही. मग फळ काय?

समाधान : येथे सावध असावे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वामींनी वेगळे करून दाखविले. ऐहिक सुखाची अनित्य फळे देवतांच्या अधिकारातील आहेत आणि परमेश्वराचे दान मोक्षाचे आहे. अडचण दूर व्हावी म्हणून परमेश्वराचे स्मरण करणे म्हणजे राजाच्या दारी जाऊन मूठभर कोंडा मागणे होय. असा साधक कोंडा न मिळाल्यास दार सोडून जातो, आणि मिळाल्यास तेवढ्यावरच संतुष्ट होतो. दोन्हीकडून हानी त्याचीच. चित्तास मिळणारी शांतता हे स्मरणाच्या वाटेवरील झाडाची सावली आहे. तिच्यात विसावा घ्यावा, पण तेथेच मुक्काम करू नये.

शंका : चिंतेने झोप उडाली आहे, अन्न जात नाही. केवळ स्मरणावर राहावे काय?

समाधान : राहू नये. देहाच्या व्याधीस जसे औषध घ्यावे तसे मनाच्या व्याधीसही घ्यावे. वैद्यास दाखविण्यात धर्माची हानी नाही. औषध चालू असतानाही स्मरण चालू ठेवता येते.

सारांश, चिंता नाहीशी झाल्यावर स्मरण करू, असे म्हणणाऱ्याचे स्मरण कधीच घडत नाही. कारण प्रपंचात चिंतेस अंत नाही. चिंता असतानाच, तिच्यासह येऊन बसावे. ससाही भय संपल्यावर आला नव्हता. धापा टाकीतच आला होता. उद्याच्या पहाटेपासून अर्धी घटका, एक जागा, एक लीळा, एवढाच नेम उपदेशी बंधुभगिनींनी धरावा, ही विनंती.

दंडवत प्रणाम.